एक्स्चेंज

नवी पेठेतल्या दुकानात
गुर्रमच्या पोरानं लॅपटॉप पालथा करून ठोकला.
काउंटरवर पडलं
कापसाचं तूस, शेंगाचटणीचे लाल कण
आणि एक पांढरा केस.
कुणाचा, ते त्यानं विचारलं नाही.

"बिजागरी ढिली. बॅटरी गेलेली. साडेतीन हजार धरू."

धरा, म्हटलं.
टॉवेलच्या काठाचे मोर यातच काढले होते,
अठ्ठावीस,
कुणाचीच मान कुणासारखी नाही.
मागावर चढले फक्त सहा.

"डेटा पुसू ना, मॅडम?"

नवं खोकं हलकं निघालं.
अशोक चौकापर्यंत रिक्षात
माझं बोट मांडीवर
एकच बटण दाबत राहिलं,
जे दोनदा दाबल्याशिवाय
कधी उमटायचंच नाही.