उठबस

खुर्ची आली तेव्हा मर्डॉक तिच्याशी आठवडाभर बोलला नाही.
तपकिरी रेक्झिन, उजव्या हाताशी रिमोट,
दोनच बटणं: वर, खाली.
"खाणीतल्या पिंजऱ्यालाही एवढंच होतं," तो म्हणाला,
"पण बटण दाबणारा वेगळा असायचा."

त्याआधी मी उठवायची त्याला.
काखेत हात घालून एक, दोन, तीन;
तिनाला दोघंही दम खायचो,
कधी चाराला जमायचं, कधी धपकन पुन्हा खाली,
आणि मग हसायचं की रडायचं
हे ज्याचं मनगट कमी दुखत असेल त्यानं ठरवायचं.

आता ती उठवते. घुंऽऽ करत,
लाजऱ्या पोराला पाठीवर हात ठेवून
वर्गात पुढे सरकवावं तशी.
मी मोजलंय, तेवीस सेकंद.
तेवढ्यात माझा चहा ओतून होतो
आणि हात रिकामे उरतात.

जानेवारीतल्या त्या वादळात
आख्ख्या ग्लेस बेची वीज गेली
तेव्हा मर्डॉक अकराव्या सेकंदावर होता.
ना धड बसलेला, ना धड उभा,
आणि रेक्झिनवरून हळूहळू घसरत.
मी समोर जाऊन गुडघ्यांना गुडघे लावले.
दारापुढे कमरेइतका बर्फ. शेजारचा लॉर्न हाकेच्या पल्याड.

अंधारात तो म्हणाला,
"चौऱ्याहत्तर साली पिंजरा असाच अडकला होता.
वर समुद्र, आत आम्ही अकरा जण.
ॲलिस्टरनं डब्यातली एक भाकरी काढली, ओटची,
चाचपत तिचे अकरा तुकडे केले.
मला कडेचा आला. करपलेला."

"घरी येऊन हे का नाही सांगितलंस?"

"सांगितलं ना. उशीर झाला म्हणालो."

आठवलं मला. बटाटे तीनदा गरम केले होते,
आणि बशी जरा आपटूनच ठेवली होती.

जेवणाची खुर्ची त्याच्या गुडघ्यांना टेकवली,
स्टुलावर चढून स्वयंपाकघरातल्या धुराच्या अलार्मची बॅटरी काढली,
दुसरी जिन्यावरच्या अलार्मची,
जिथे तो तीन वर्षांत गेलेला नाही.
"पडशील, म्हातारे!" तो खालून ओरडत होता.
खुर्चीच्या पोटात दोन्ही बसवल्या, अंदाजानं, बोटांनी.
घुंऽऽ.

बॅटरीवर ती फक्त खाली आणते.
वर न्यायला घरची वीज लागते,
हे माहितीपत्रकात होतं; वाचलं कुणी होतं?

रात्रभर तो तिच्यात, मी शेजारी, एकच गोधडी
दोघांना अपुरी.

उजाडलं तरी वीज नव्हती,
आणि त्याला मोरीत जायचं होतं.
रिमोट त्यानं उगाच एकदा दाबून पाहिला.
मी बाह्या वर केल्या.

एक, म्हणाले मी.
दोन, म्हणाला तो.