दुसरी पाळी

कुरियरवाला दारात. भिया, इसमें क्या है, थाली?
म्हटलं, हो. काळी.

तीनशे प्रती. सातासमुद्रापार कुठल्याशा गावात दाबलेल्या,
कस्टमचा भुर्दंड भरून
ऐन मे महिन्यात इंदूरला उतरल्या.
वरच्या खोक्यातल्या अकरा उन्हानं वाकल्या,
गच्चीवरच्या पापडांसारख्या.
त्या मुर्तझानं ठेवून घेतल्या. म्हणाला, ह्याच खऱ्या.

तबकडी एक, माणसं दोन.
माझ्या बाजूला बंद गिरणीचं साळखातं:
परदेशीपुऱ्याच्या अंगानं भिंत चढून
रात्री दोन वाजता लोखंडी खांबाला
मी बटणाएवढा माईक चिकटवला होता.
यंत्रं केव्हाच भंगारात गेलेली.
वर पत्र्यावर कबुतरं चालत होती,
त्यांची नखं खांबातून खाली येत होती.
ती मी सोळा पट संथ केली
तेव्हा कुठे साचा चालल्यासारखं वाटलं.

त्याच्या बाजूला पिथमपूर.
आठशे टनांचा प्रेस,
दर नऊ सेकंदांनी मोटारीचं एक दार.
मुर्तझाचं सियागंजात नटबोल्टचं दुकान;
माल पोचवायला गेला की आत जरा रेंगाळतो,
खिशात रेकॉर्डर.
त्यानं काही संथ केलं नाही, काही जोडलं नाही,
फक्त माणसांचे आवाज छाटले.
एक तेवढा राहून गेला, सतराव्या मिनिटाला:
चाय आ गई.

पहिली बाजू कुणाची, ह्यावरून आम्ही
तीन महिने बोललो नाही.
मग नाणं उडवलं. ते सरवटे स्टँडसमोर
गटाराच्या जाळीतून खाली गेलं.
शेवटी गोल कागदावर अ नाही, ब नाही.
माझ्या बाजूला छापलं: पहिली पाळी.
त्याच्या: तिसरी.
वेष्टणावर कंपनीनं आपल्या मनानं घातलं,
अंधाराचं, गंजाचं, मेलेल्या यंत्रांचं संगीत.

बाबांना उजव्या कानानं येत नाही,
डाव्यानं मोठं बोललेलं येतं.
सव्वीस वर्षं जॉबर.
मी सुई ठेवली, आवाज शेजारी ऐकू जाईल इतका वाढवला.
ते तबकडीकडे बघत बसले,
ताणा बघावा तसे, डोळे बारीक करून.
मग म्हणाले, धोटा असा नाही वाजत, गं.
पलीकडे पोचतो, थांबतो, मग परत येतो.
तू थांबणंच काढून टाकलंस.

आणि अंधार कसला?
चारशे ट्यूबलाइटी होत्या.
सूत तुटलेलं दिसायला नको?

मी काही बोलले नाही. बाजू उलटली.
हा चांगला चाललाय, म्हणाले. कोणाचा?
मुर्तझाचा.
बोहऱ्याचा पोरगा? बरं.
सतराव्या मिनिटाला, कसं कोण जाणे,
त्यांनी मान वर करून दाराकडे पाहिलं.

संपल्यावर चष्मा लावला,
गोल कागद वाचला, पालथा करून वाचला.
पहिली. तिसरी.
आणि माझी?

साडेतीन ते बारा. मी शाळेतून यायचे
तेव्हा डबा गेलेला असायचा,
ते यायचे तेव्हा मी झोपलेली.

त्यांनी तबकडी उभी धरली, खिडकीकडे.
कड, दोन मिलीमीटर, कोरी.
तीवरून नख फिरवलं
थानाची किनार तपासावी तसं, पूर्ण गोल.
कापणी स्वच्छ आहे, म्हणाले.

मग स्वतःच ठेवली, माझी बाजू वर,
आणि मी नको नको म्हणत असताना
वेगाची कळ तेहतीसवरून पंचेचाळीसवर ओढली.

साचा थोडा कमी झाला, कबुतर थोडं जास्त.

असं, म्हणाले. आता माल निघेल.