अक्षर चांगलं आहे पोरीचं

असं पहिल्यांदा म्हणाला तो इरण्णा,
साखर पेठेतल्या बोळात मटक्याच्या चिठ्ठ्या लिहिणारा.
उजवा हात तेव्हा त्याच्या गळ्यात होता.
कुणी मोडला ते सगळ्यांना ठाऊक,
म्हणून कुणी विचारत नव्हतं.
मी सहावीत. ओपन, क्लोज, जोडी,
कंपासपेटीत कोनमापकाखाली दिवसभराचा गल्ला.
आई हजार विड्या वळायची,
कारखान्यात त्यातल्या शंभर छाट म्हणून बाजूला पडायच्या.
मराठीत भांडून यायची, तेलुगूत रडायची,
आणि शेजारणीला सांगायची, पोरगी शिकतीय.
शिकत होतेच की.
बेरीज माझी कधी चुकली नाही.

आमचे चोर ओळखीचे होते.
नरसय्या गड्ड्याच्या जत्रेत
फक्त डाव्या पायातल्या चपला उचलायचा.
का, ते त्यालाही सांगता येईना.
पोतं उपसलं तर एकशे चाळीस निघाल्या,
आणि हवालदार अर्धा तास
त्यात स्वतःची शोधत बसला.

दारू यायची ट्रकच्या ट्यूबमधून, सायकलच्या कॅरियरवर.
रिकाम्या ट्यूबवर आम्ही पोरं विहिरीत पोहायला शिकलो.
घरी आलो की आया आधी तोंडाचा वास घ्यायच्या,
मग डोकं पुसायच्या.

मिल बंद पडल्यावर भोंगा चोरीला गेला.
दोन वर्षं पत्ता नाही.
मग एका रात्री तीनला तो वाजला,
पंक्चरवाल्या दस्तगीरनं कॉम्प्रेसरला जोडून बघितला म्हणे,
वाजतोय का, एवढंच.
बोळातली सात-आठ म्हातारी उठून बसली.
बालय्या मामा तर डबा मागत चौकापर्यंत गेला,
शर्टाची बटणं लावत.
दस्तगीरला कुणी मारलं नाही.
पोलिसात कुणी गेलं नाही.
सकाळी फक्त कुणी कुणाकडं बघत नव्हतं.

आणि मल्लिनाथ.
पाणी पाचव्या दिवशी, रात्री दोनला.
नळावर तेवीस घरं, घागरी, कॅन, पिंप.
चार पावलांवर मल्लिनाथ खाली बसला,
बसला असंच वाटलं,
पोट धरून, दमल्यासारखा.
ज्यानं केलं त्यानं आमच्याच नळावर हात धुतले,
माझी घागर पायानं धारेखाली सरकवली.
"भर गं लवकर, जाईल पाणी."
मी भरली.
त्या पाण्याचा दुसऱ्या दिवशी चहा झाला.

सकाळी हवालदार आला, चष्म्याची एक काच तडकलेली.
वहीत माझी शुद्धलेखनं बघून म्हणाला,
अक्षर चांगलं आहे पोरीचं, बस, लिही.
मी तेवीस घरांचे जबाब लिहिले.
पाणी भरत होतो, पाठ होती.
पाणी भरत होते, पाठ होती.
इरण्णाची पाठ. बालय्या मामाची पाठ.
आईनं अंगठा उठवला, तंबाखूनं पिवळा झालेला,
शाईतूनही वास येत होता.
सगळ्यात शेवटी माझा,
सगळ्यात सुंदर अक्षरात.

आता कोर्टात टायपिंगला आहे.
इथं अक्षर कुणाचंच दिसत नाही, बरं आहे.
परवा एक बाई पिंजऱ्यात उभी राहिली,
पदराची गाठ सोडत-बांधत.
म्हणाली, मी नळावर होते साहेब, माझी पाठ होती.
माझी बोटं थांबली.
साहेबांनी चष्म्यावरून बघितलं, "घ्या ना लिहून."
घेतलं.
स्पेसबार जरा जोरात दाबला गेला, एवढंच.

पाणी अजून पाचव्या दिवशीच येतं.
आता मोटर आहे, टाकी आहे,
तरी मी दोनला उठून नळाशी जाते,
भिंतीकडे तोंड, सवयीनं.
मागून कुणीतरी जातं रात्रीचं.
उजव्या पायाची चप्पल वाजते,
डाव्याची वाजत नाही.
मी वळत नाही.
घागर भरल्याचा आवाज कसा बदलत जातो,
तेवढं ऐकत उभी राहते.