ओला का सुका

हृषीकेशनं यंत्र पाठवलं ते दुधापायी.
मागच्या मार्गशीर्षात गॅसवर दूध ठेवून
मी शब्दकोडं घेऊन बसलो, पातेल्याचा तळ काळा झाला,
शेजारच्या गद्र्यांनी बेल वाजवली
आणि ही बातमी स्टुटगार्टला
पातेलं घासून होण्याआधी पोचली.

कुमुद तिकडेच आहे, सुनेच्या बाळंतपणाला.
सहा महिन्यांसाठी गेली होती, आता आठवा चालू आहे.
"बाबा, एक बटण. गॅस नको, दूध नको, काही नको."
माझी सोय केली त्यानं.
सोय लावली, असं मी म्हटलं नाही.

वरचं टोपण उघडायचं, कुपी टाकायची, मिटायचं.
थंडीत किक मारलेल्या लूनासारखं ते कण्हतं
आणि चाळीस सेकंदांत कॉफी.
बरी असते. खोटं का बोला.
फक्त जायफळ कुठं घालायचं
ते पुस्तिकेत नाही.

आमच्या पातेल्यात एक कप कधी झालाच नाही,
दीड व्हायचा. उरलेला अर्धा
कुणाला तरी आग्रह करून पाजावा लागे,
गद्र्यांना, इस्त्रीवाल्याला, मीटर बघायला आलेल्या पोराला.
यंत्राचं माप चुकत नाही.

पिंपरीला कॉस्टिंगमध्ये तेहेतीस वर्षं काढली,
हात आपोआप पेन्सिलीकडे जातो.
कुपी एक, रुपये बावन्न.
आत कॉफी, पाच ग्रॅम.
म्हणजे किलोला दहा हजार चारशे.
डेक्कनला डोळ्यांदेखत दळून देतात ती आठशे.
वरचे नऊ हजार सहाशे
मी दूध उतू न जाण्याचे देतो.

इंदुबाई ससाणे सव्वाआठला ढकलगाडी घेऊन येतात.
पहिल्याच आठवड्यात त्यांनी एक कुपी चिमटीत धरली,
कानाशी हलवली, वास घेतला.
"काका, हे ओल्यात का सुक्यात?"

मी कागद शोधून आणला.
त्यावर हिरवी पानं होती, गोल फिरणारे बाण होते,
आणि पत्ता जर्मनीतला.
म्हटलं, आत चोथा, म्हणून ओला.
बाहेर ॲल्युमिनियम, म्हणून सुका.
"मंजे दोन्हीकडं न्हाई," त्या म्हणाल्या,
"माझ्याच डोक्यावर."
भंगारवाला घेतो म्हणे, पण मोकळी करून.
भरलेली दिली तर पाण्याचं वजन कापतो,
आणि वर दोन शब्द ऐकवतो.

रिकामी डबी एक ग्रॅम.
हजार डब्यांचा किलो, किलोचे एकशेतीस.
मी बावन्न हजार घालावेत
तेव्हा इंदुबाईंना एकशेतीस मिळावेत.
आकडा दोनदा तपासला.
त्यांना सांगितला नाही.

आता दुपारी मी पेपर पसरून बसतो,
कोड्याचं पान वर येणार नाही असा.
जुनी सुरी, ताटली. झाकण फाडायचं,
चोथा कढीपत्त्याला, डबी नळाखाली.
एका कुपीला तीन मिनिटं. एकदा अंगठ्याला रक्त.
पातेल्याच्या कॉफीला सात मिनिटं लागायची,
यंत्रानं ती वाचवली, त्यातली तीन इथं गेली,
राहिली चार.
ती कुठल्या खात्यात टाकावीत, सुचत नाही.
कढीपत्ता मात्र तरारलाय.

फोनवर कुमुद विचारते, "काय करताय?"
"कुप्या सोलतोय."
"अहो, मटार सोलल्यासारखं काय सांगताय!"
ती हसते, मागे नात रडायला लागते,
फोन तसाच पलंगावर टाकून ती उठते.

मी हात धुऊन येतो.
स्क्रीनवर तिकडचं छत आहे अजून,
पांढरं, कोरं.
पंखासुद्धा नाही त्याला.