अंतिम_५

डाव्या कडेला स्टेशनं, खालून वर:
होटगी, टिकेकरवाडी, सोलापूर, बाळे,
पाकणी, मुंढेवाडी, मोहोळ, मलिकपेठ.
माथ्यावर चोवीस तास.
गाडी म्हणजे तिरपी रेघ,
जितकी उभी तितकी घाई.
मालगाडी जरा आडवी, सिमेंटनं जडावलेली,
आणि थांबा म्हणजे रेघेत एक सपाट पायरी.
एका मिनिटाची असली
तर मोठं करून बघितल्याशिवाय दिसतसुद्धा नाही.

नव्या सुपरफास्टला वाट हवी आहे.
कस्तुरे साहेब खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले,
"सहा मिनिटं काढा कुठूनतरी."
कुठूनतरी म्हणजे कुणाकडून
ते बोलले नाहीत.

मी माउसनं रेघ धरते, डावीकडे ओढते.
मोहोळला लाल त्रिकोण.
पॅसेंजर लूपवर घेते, त्रिकोण जातो,
बाळ्याला दोन उगवतात.
मे महिना. एसीचं पाणी बादलीत ठिबकतंय.
खिडकीला कुणीतरी मोराच्या नक्षीची चादर लावलीय,
उन्हानं अर्धा मोर पांढरा पडलाय.

अप्पा एकतीस वर्षं यंत्रमागावर होते.
एकदा डबा द्यायला आले, पडद्याकडे बघत राहिले,
म्हणाले, हे तर आपलंच की. ताणा आणि बाणा.
सगळे हसले. मलाही बरं वाटलं.
पण नाही, अप्पा.
तिथं धागा तुटला की तुम्ही माग थांबवत होता,
दोन बोटांत गाठ मारत होता,
आणि चादर पांघरणाऱ्याला
ती गाठ कधी टोचली नाही.
इथं मी मारलेली गाठ
कुठल्यातरी फलाटावर उभी राहते,
काखेत पिशवी, पायाशी पोरगं,
कुणाला विचारावं ते कळत नसलेली.

तीनच्या सुमाराला ती सापडली.
बारीक, राखाडी, पहाटेच्या बाजूला.
एक जुनी पॅसेंजर,
बंद झाली ती परत लागलीच नाही,
रेघ तेवढी फाइलमध्ये राहून गेली,
आणि वाट अजून अडवून बसलेली.
चौदा थांबे. प्रत्येकी एक मिनिट.
हिला काढलं की सहाच्या सहा मिनिटं मोकळी.
पडदा विचारतो:
ही गाडी आणि तिचे सर्व थांबे काढायचे?
होय. नाही.

बिराजदार मास्तर मलिकपेठवरून निवृत्त झाले,
दर मंगळवारी फोन करतात.
"काय करालीस, यन्नमबाई?
आमची सहा चाळीस कधी लागालीय?"
मी म्हणते, प्रस्ताव वर गेलाय.
"वर म्हणजे किती वर?"
मग म्हणतात, सुनेनं शेंगाचटणी कुटलीय, फर्मास,
पाठवली असती तुला,
पण कुणाबरोबर पाठवू? गाडीच नाही.
आणि आपल्याच विनोदाला हसतात,
खोकला येईपर्यंत.

मी होय दाबलं.
आवाज झाला नाही काही.
चौदा पायऱ्या एकदम गेल्या,
त्या जागी पडद्याचा स्वच्छ पांढरा रंग,
फार स्वच्छ.
कस्तुरे साहेब लांबूनच म्हणाले, "झालं ना?"

पाच मिनिटं सुपरफास्टला दिली.
सहावं हातात उरल्यासारखं झालं.
ते मलिकपेठला ठेवलं.
कारणाच्या रकान्यात लिहिलं: तांत्रिक.
दारं उघडायला परवानगी नाही,
नाव कुठल्या बोर्डावर लागणार नाही,
प्रवासी चढणार नाही, उतरणार नाही.
नुसतं एक मिनिट,
इंजिन धपापत उभं.

तपासणीत निघेल बहुतेक.
साहेब मोठं करून बघतात.
तोवर मंगळवार येईल.
फोन आला तर सांगेन,
मास्तर, डबा घट्ट बांधा,
गार्डच्या डब्याजवळ उभे राहा,
आणि हात जरा लांब करा.