कोको, उलू, उणे चोवीस

जार्क्को घर सोडून गेला त्याच आठवड्यात
एन्सिओने त्याच्या खोलीत झाड आणून ठेवलं.
हेरिंग माशांची निळी बादली, बुडाला सहा भोकं,
मधोमध दोन पानांची काडी.
मी म्हटलं, रबराचं का?
तो म्हणाला, कोको.
एवढंच. एकतीस वर्षं लोकांची पत्रं वाटली या माणसाने,
स्वतःचे शब्द मात्र तिकिटाच्या भावाने खर्चतो.

तेव्हापासून ती खोली बाळंतिणीची.
दार उघडं टाकायचं नाही, खिडकीला हात लावायचा नाही.
हिटरवर ओले टॉवेल, कोपऱ्यात रटरटणारी किटली,
भिंतीवरचा कागद सुटून कानासारखा लोंबतो.
डिसेंबरात दोन वाजताच सूर्य पाठ फिरवतो,
तेव्हा जांभळा दिवा, चौदा तास.
समोरच्या इमारतीतून कुणीतरी पोलिसांना कळवलं.
दोघं आले. बूट काढून आत गेले,
चष्म्यावर वाफ घेऊन बाहेर आले.
धाकटा म्हणाला,
आईला दाखवायला एक फोटो काढू का?

नवी पानं येतात ती तांबूस, लुळी,
पिळून वाळत टाकलेल्या रुमालांसारखी.
पहिल्यांदा मला वाटलं, मेलं.
खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं.
आमचं वीजबिल पाहिलं असतंत
तर तुम्हालाही वाटलं असतं.

एका जानेवारीत रात्री वीज गेली.
माझ्या आईने लग्नात दिलेली रजई
त्याने कपाटातून काढली
आणि बादलीभोवती गुंडाळली.
मी कोट घालून खुर्चीवर, तो मेणबत्ती धरून उभा.
पहाटे चारला विचारलंन्,
तुला थंडी वाजतेय का?

पाचव्या वर्षी फुलं आली.
फांदीला नव्हे, थेट खोडाला, अंगावर पुरळ उठावी तशी.
शर्टाच्या बटणाहून लहान, पांढरी, आत जांभळी रेघ.
आज उमललेलं उद्या जमिनीवर.
एन्सिओ तीन केसांचा ब्रश घेऊन गुडघ्यांवर,
या फुलातलं त्या फुलात,
चिलटांचं काम करत.
तीन वर्षं मी फुलं झाडली.
इतकी हलकी, की केरसुणीच्या वाऱ्यानेच पळायची.

मग कुठूनसं कळलं:
यातल्या काही झाडांना स्वतःचे पराग चालत नाहीत.
दुसरं झाड लागतं. परकं.
एन्सिओने ते दोनदा वाचलं.
चष्मा पुसून तिसऱ्यांदा.

केमीत तौनो नावाचा एक विधुर होता,
बर्फ फोडणाऱ्या जहाजावर इंजिन सांभाळलेला.
त्याच्या स्वयंपाकघरात, फ्रिजच्या पाठीच्या उबेला, दुसरं.
शंभर किलोमीटर.
सख्ख्या भावाच्या पन्नाशीला न गेलेला माझा नवरा
उणे चोवीसात सकाळच्या बसने निघाला.
रक्तदाबाच्या गोळ्यांची रिकामी डबी, तिच्यात ओला कापूस,
ती काखेत, दोन बनियनांच्या मध्ये.
दुपारी परतणार होता. आला शेवटच्या बसने.
काय बोललात इतका वेळ?
खताबद्दल, म्हणाला.
त्याच्या कोटाला कॉफीचा
आणि दुसऱ्याच्या घराचा वास होता.

बारा फुलांना ब्रश लावला. दहा गळाली.
दोन राहिली, काडेपेटीतल्या काडीच्या टोकाएवढी, हिरवी.
त्यातलं एक महिन्याने काळं पडलं.
झाडाला पेलत नाही तेव्हा ते असंच सोडून देतं म्हणे.
उरलेलं आता माझ्या अंगठ्याएवढं आहे.

रविवारी सहाला फोन वाजतो.
एन्सिओ म्हणतो, साडेपाच सेंटिमीटर,
आणि मग चाळीस मिनिटं
बंद दारामागून मला हसू ऐकू येतं.
कोणाचं, ते ओळखायला सुरुवातीला वेळ लागला.

शनिवारी तौनो येतोय, मुक्कामाला.
जार्क्कोच्या खोलीत माणसाला जागा नाही,
म्हणून बैठकीतला सोफा ओढून ठेवलाय.
रजई मात्र मी मागून घेतली.
झटकली, तर आतून दोन वाळकी फुलं पडली.