संदर्भ हवा

चौघेच होतो तोवर भांडायला कारण नव्हतं.
हानुस मासळीच्या कारखान्यात वजनं लिहायचा
आणि घरी येऊन पक्षी.
रोज एक पक्षी, रोज एक पान,
तेही वजनाच्याच तऱ्हेनं:
नाव, लांबी, रंग, खाली एक कोरडी ओळ.
एयब्योर्न रात्रपाळीहून आला की स्वल्पविराम लावायचा.
मी शाळेच्या वाचनालयातले नकाशे उतरवायचे.
चौथा कोण, ते आम्हाला कधी कळलं नाही.
रात्री दोनला येई, शुद्धलेखन नीट करून जाई,
नावाच्या जागी नुसते आकडे.

फेरो बेटांवर माणसं पन्नासेक हजार,
मेंढ्या त्याहून जास्त.
तरी अख्खं जग आपल्या भाषेत लिहायचं
हे हानुसनं ठरवलं, आणि कुणी नको म्हणालं नाही.
नको म्हणायला होतं कोण?

मग मार्चातल्या एका रात्री
परदेशातल्या कुणाच्या तरी यंत्रानं
आमच्यात तीन हजार लघुग्रह आणून ओतले.
सकाळी बघतो तर घर दगडांनी भरलेलं
आणि क्लाक्सविकच्या बंदराला अजून पान नाही.
ठेवायचे की काढायचे? कौल घेतला.
मतं सात पडली.
सातातली दोन एकाच माणसाची, हे मागाहून कळलं.
कुणाची, ते नाही कळलं.
त्यातून नियम झाला, नियमाला पोटनियम,
पोटनियमाला चर्चेचं पान,
आणि चर्चेच्या पानावर कसं बोलावं याचं आणखी एक.
एयब्योर्न म्हणाला, झालो आता आपण देश.
किल्ल्या माझ्याकडे आल्या.
मारयुन शांत आहे, म्हणाले.
शांत माणसाच्या वाट्याला असलीच कामं येतात.

हानुसनं आपल्या गावाच्या पानावर एक वाक्य घातलं:
‘स्वानुर’ बोट बुडाली तेव्हा वारा नव्हता.
एका नवख्यानं पुढे खूण केली: संदर्भ हवा.
हानुसनं खूण पुसली. त्यानं परत लावली.
कोपनहेगनला शिकणारा पोरगा,
एकोणीस वर्षांचा, नम्र, नियम तोंडपाठ.
सरकारी अहवालात वादळ होतं.
त्यानं पृष्ठक्रमांक दिला.
हानुसकडे पृष्ठक्रमांक नव्हता.
तो त्या दिवशी धक्क्यावर उभा होता, बारा वर्षांचा,
पाणी ताटासारखं सपाट,
आणि बोटीवर भाऊ.

स्वतः पाहिलेलं इथे चालत नाही.
हा नियम कुणी लिहिला ते मी शोधून काढलं.
हानुसनंच. दुसऱ्या वर्षी,
कुणीतरी समुद्रराक्षस पाहिल्याची शपथ घेत होता तेव्हा.

चौथ्यांदा त्यानं वाक्य परत घातलं
आणि मी चोवीस तासांसाठी त्याला बंद केलं.
बटण एकच. कारणाच्या चौकटीत
काय लिहावं, यात किटलीभर चहा संपला.

दुसऱ्या दिवशी दुकानात गाठ पडली, बटाट्यांपाशी.
म्हणाला, बरोबर केलंस.
थोड्या वेळानं म्हणाला, वारा नव्हता पण.
मी हो म्हणाले.
मग दोघं एकाच टोपलीतून
गरजेपेक्षा जास्त बटाटे निवडत राहिलो.

आता पानं पुष्कळ झालीत, माणसं अकरा.
बंदराचं पान त्या पोरानंच लिहिलं, चांगलं लिहिलं.
गावाच्या पानावर वादळच आहे.
‘इतिहास’वर टिचकी मारून
चार वर्षं खाली उतरलं, तर ते वाक्यही आहे,
काढणारीच्या नावासकट.
तिथवर कुणी उतरत नाही.

हानुस गेला नोव्हेंबरात.
त्या आठवड्यापासून रात्री दोनचे आकडेही आले नाहीत.
मी काही म्हणत नाही. माझ्याकडे संदर्भ नाही.
फक्त शेवटच्या पक्ष्याच्या पानावर
‘समुद्र’ हा शब्द चुकीचा पडलाय,
आणि किल्ल्या हातात असून
मी तो अजून तसाच ठेवलाय.